हत्तीची सोंड, माशाचा पर आणि फळे तोडणारे यंत्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 विषय ऐकून आपल्या चिटणीसांच्या कपाळावर पडलेली आठी मी पाहिली होती. या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्य, रंगभूमी आणि मराठ्यांचा इतिहास यांवर व्याख्याने झाली. त्या परंपरेत केंद्र सरकारच्या सेवेत फायलींवर शेरे लिहिण्यात हयात घालवलेला एक साधा बी. ए. गृहस्थ फळे तोडणाऱ्या यंत्रांवर बोलणार, हे थोडे विक्षिप्तच आहे. मी अभियंता नाही. तेव्हा समीकरणांची अपेक्षा कोणी ठेवू नये आणि भीतीही बाळगू नये. नोकरीच्या निमित्ताने हिमाचल प्रदेशात काही वर्षे काढण्याचा योग आला, तेथे सफरचंदाची तोडणी पुष्कळदा जवळून पाहिली, आणि फळ तोडणे ही इतकी साधी दिसणारी क्रिया यंत्राला का जमू नये, या प्रश्नाने मला तेव्हापासून जे धरले ते अद्याप सोडलेले नाही. त्या कुतूहलापोटी जे वाचले, त्यातील निवडक आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम ती साधी दिसणारी क्रिया पाहू. सफरचंद तोडणारा मनुष्य फळ ओढीत नाही. तो ते तळहातात घेतो, किंचित वर उचलतो आणि मनगटाला हलकीशी पीळ देतो. देठ फांदीला जेथे चिकटलेला असतो तेथून तो अलगद सुटतो. ओढले तर देठ फळातून उपटून निघतो आणि त्या छिद्रातून कूज शिरते. किंवा फळाबरोबर फांदीवरचा आखूड कोंबच तुटून हाती येतो. या कोंबावर पुढील हंगामाची फुले यायची असतात. म्हणजे एका हिसक्यात यंदाचे फळ बिघडते आणि पुढचे बुडते. दाबाचेही तसेच. बोट जरा जास्त रुतले तर त्या घटकेला काहीच दिसत नाही. पुढे सालीखाली तपकिरी डाग उमटतो आणि मंडईत पेटी उघडणारा आडत्या भाव पाडतो. तोडलेले फळ पाठीवरच्या किल्ट्यात, म्हणजे त्या भागातील निमुळत्या करंडीत, टाकायचे नसते, ठेवायचे असते. हे सारे उतरणीच्या बागेत, पाय घसरत असताना, दिवसाकाठी हजारो वेळा करायचे. कोटगढच्या बाजूस एका नेपाळी तोडणाऱ्याला मी एकदा विचारले, की बाबा रे, तू नेमका किती जोर लावतोस? त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिले, हसला आणि म्हणाला, "जितना लगता है, साब." उत्तर बिनचूक होते, परंतु ते यंत्राला शिकवायचे कसे?

आता यंत्रांकडे वळू. कारखान्यातील यंत्रहात पोलादाचा असतो. मोटारगाडीचा सांगाडा जोडण्याच्या कामी तो निष्णात असतो, कारण तेथे प्रत्येक वस्तू ठरलेल्या मापाची आणि ठरलेल्या जागी असते. बागेत दोन फळे सारखी नसतात, एक पानाआड असते, दुसरे वाऱ्याने हलते, तिसरे अजून पिकायचे असते. या अनिश्चिततेला तोंड देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, यंत्राने फळाशी जुळवून घ्यावे. दोन, फळाने यंत्राशी जुळवून घ्यावे. विसाव्या शतकाने आधी दुसरा मार्ग धरला, आणि त्याची कथा सांगितल्यावाचून पहिल्याचे मोल कळणार नाही.

कॅलिफोर्नियात टोमॅटोची प्रचंड शेती आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून शेतमजूर आणण्यास प्रारंभ केला. ही योजना १९६४ अखेर बंद झाली. तोपर्यंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संस्थेत दोन माणसे कामाला लागून बराच काळ लोटला होता. कोबी लॉरेन्झन हे अभियंते टोमॅटो काढणारे यंत्र बांधीत होते, तर जॅक हॅना हे भाजीपाल्याचे तज्ज्ञ त्या यंत्राला सोसेल असा टोमॅटो घडवीत होते. यंत्र सबंध झाड मुळाशी कापून उचलणार आणि गदगदा हलवून फळे गाळणार. तेव्हा टोमॅटो जाड सालीचा हवा, घट्ट गराचा हवा, आणि सारी फळे एकाच वेळी पिकणारी हवीत. हॅना यांनी तसा वाण सिद्ध केला. तो काही वर्षांतच कॅलिफोर्नियाभर पसरला, आणि प्रक्रियेसाठी जाणारा टोमॅटो त्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ सर्व यंत्राने निघू लागला. सॉस आणि रस करणाऱ्या कारखान्यांची सोय झाली. चवीबद्दल मात्र तेव्हापासून आजतागायत तक्रार आहे.

परंतु चवीपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. हे यंत्र महाग होते. ज्याच्याकडे मोठे क्षेत्र त्यालाच ते परवडे. लँग्डन विनर या तंत्रज्ञानाच्या अभ्यासकाने आपल्या प्रसिद्ध निबंधात दिलेल्या आकड्यांनुसार, १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात टोमॅटो पिकवणारे सुमारे ४,००० शेतकरी होते. १९७३ साली ते सुमारे ६०० उरले. सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत सुमारे ३२,००० लोकांचे काम गेले, असाही अंदाज त्यात आहे. उत्पादन मात्र वाढले. सार्वजनिक पैशातून चाललेल्या संशोधनाचा लाभ मूठभर मोठ्या बागाइतदारांना झाला, या आरोपावरून १९७९ साली मजुरांच्या बाजूने विद्यापीठावर खटला भरण्यात आला. तो दहा वर्षे चालला आणि १९८९ साली अपिलात निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. कायद्याच्या दृष्टीने तो विषय तेथे संपला. मी सरकारी नोकर असल्याने न्यायालयाच्या निर्णयावर टीका करणार नाही. परंतु आकडे नजरेआड करता येत नाहीत.

येथे आपल्या कोकणातील एक साधे अवजार आठवल्याशिवाय राहत नाही. आंबा उतरवण्याचा झेला आपणांपैकी अनेकांनी लहानपणी हाताळला असेल. लांब बांबू, टोकाला कडे, कड्याला जाळी. फळ जाळीत अलगद बसते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'नूतन' झेला तयार केला, त्यात देठ कापण्यासाठी पातेही आहे. देठाचा तुकडा फळाला राहिला म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही आणि आंबा काळा पडत नाही. यात विद्युत्‌ नाही, संगणक नाही. परंतु हापूस जाड सालीचा झाला पाहिजे असे झेल्याने कधी म्हटले नाही. जाळीनेच मऊ व्हावे आणि आंब्याने आंबा राहावे, हा त्यातला न्याय आहे. गेल्या काही दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांतून ज्याचा शोध चालला आहे, तो हाच न्याय यंत्राच्या अंगी कसा बाणवावा याचा.

मऊ यंत्र ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९५० च्या दशकात जोसेफ मॅककिबेन या अमेरिकन भौतिकीविदाने हवेवर चालणारा कृत्रिम स्नायू तयार केला. हा गृहस्थ लॉस अलामॉसच्या अणुसंशोधन केंद्रात काम करणारा. त्याच्या मुलीचे हात पोलिओने लुळे पडले होते, आणि तिला बोटांनी वस्तू धरता यावी म्हणून त्याने हा उद्योग केला. रबराची नळी, तिच्यावर विणलेल्या जाळीचे वेष्टन. नळीत हवा भरली की ती फुगते, आणि वेष्टनाच्या विणीमुळे फुगताना लांबीने आखडते. अगदी आपल्या दंडाच्या स्नायूसारखी. अणुबाँबच्या गावात एका बापाने मुलीच्या बोटांसाठी केलेली ही वस्तू मऊ यंत्रांच्या इतिहासात आज पहिल्या पानांवर आहे. पुढे जपानात शिगेओ हिरोसे यांनी सापाच्या चालीचा अभ्यास करून यंत्रसर्प बनवला, आणि १९७८ साली अशी एक पकड प्रसिद्ध केली, जी कोणत्याही आकाराच्या वस्तूभोवती सापासारखी वेढली जाऊन सर्वत्र सारखाच दाब देत असे. तिचे दुवे कठीणच होते. वागणे तेवढे मऊ. रबराचे खरे बोट नव्वदच्या दशकाच्या आरंभी कोइची सुझुमोरी यांनी केले. त्याच्या आत हवेचे तीन कप्पे होते, ज्या कप्प्यात हवा कमीजास्त करावी त्याप्रमाणे बोट हव्या त्या दिशेला वळे.

आता मी खिशातून एक फुगा काढतो. बालगोपाळांनी जागेवरच बसावे! हा लांबट फुगा आहे आणि याच्या एका अंगाला मी चिकटपट्टी लावली आहे. फुंकतो. पाहा, तो सरळ न फुगता वाकला. पट्टीची बाजू ताणली जात नाही, दुसरी बाजू ताणली जाते. म्हणून तो पट्टीच्या दिशेने वळतो. हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने २०११ च्या सुमारास याच तत्त्वावर सिलिकोनची बोटे बनवली. एका बाजूस हवेच्या कप्प्यांची रांग, दुसऱ्या बाजूस न ताणणारी पट्टी. हवा भरली की बोट मुडपते, सोडली की उलगडते. अशी चार बोटे समोरासमोर बांधली की झाली पकड. तिला फळाचा आकार आगाऊ सांगावा लागत नाही. बोट वाकते, सालीला टेकते, आणि सालीने विरोध केला की तेथेच आकार घेऊन थांबते.

या "तेथेच आकार घेऊन थांबते" मध्ये सगळे रहस्य आहे. पोलादी हाताला थांबण्यासाठी आधी मोजावे लागते, मग विचार करावा लागतो, मग हुकूम द्यावा लागतो. आमच्या कचेरीतील पद्धतच म्हणा ना! कागद खालून वर जाणार, वरून खाली येणार, तोवर फळ चेपून गेलेले. मऊ बोट वर विचारीत नाही. निर्णय जागच्या जागी, द्रव्याच्या अंगभूत गुणानेच होऊन जातो. आणि ही रीत अभियंत्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेली नाही. ती त्यांनी प्राण्यांकडून घेतली आहे.

त्यांत अग्रपूजेचा मान ऑक्टोपसचा. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मंडळींना माकुल ठाऊक आहे. त्याचाच हा आठ भुजांचा भाऊबंद. याच्या अंगात हाड नाही. भुजेतला स्नायूच स्नायूला आधार देतो. एका दिशेने आवळला की दुसऱ्या दिशेने लांबतो, कारण आतले घनफळ बदलत नाही. आपली जीभ आणि हत्तीची सोंड याच जातीची. ऑक्टोपसला सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मेंदूत नसून भुजांत असतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले, की भुजेचा मेंदूशी संबंध तोडला आणि तिच्या चेतारज्जूला बाहेरून हलकी चेतना दिली, तरी ती भुजा नेहमीच्याच डौलाने लांब पसरते. म्हणजे मेंदूने "पुढे हो" एवढेच सांगायचे. कसे व्हायचे ते भुजेला ठाऊक असते. इटलीत पिसा येथे चेचीलिया लास्की यांच्या नेतृत्वाखाली २००९ साली युरोपीय सहकार्याने अशी भुजा प्रयोगशाळेत घडवण्याचा प्रकल्प सुरू झाला. जर्मनीतील फेस्टो या कंपनीने बीजिंगच्या बैहांग विद्यापीठाबरोबर २०१७ साली सिलिकोनची एक भुजा दाखवली. हवा भरताच ती आत वळते, वस्तूला वेढते आणि आतील बाजूच्या चूषकांनी तिला धरून ठेवते.

हत्तीबद्दल आपणांस वेगळे सांगायला नको. वर्षातून दहा दिवस तर आपण सोंडेसमोर हात जोडूनच उभे असतो. त्याच फेस्टो कंपनीने २०१० साली सोंडेच्या धर्तीवर एक यंत्रबाहू तयार केला. भात्यासारखे हवेचे कप्पे एकावर एक रचलेले. माणसाला धक्का लागला तर तोच मागे सरणारा. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष तंत्रविज्ञानासाठी देतात तो पुरस्कार त्या वर्षी या सोंडेला मिळाला. परंतु मला अधिक मौज वाटली ती २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका साध्या निरीक्षणाची. अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयातील एका हत्तिणीपुढे संशोधकांनी मक्याचा पातळ, पापडासारखा कुरकुरीत काप ठेवला. शेकडो किलोंचे ओंडके उचलणारा हा अवयव त्या कापाचे काय करणार? तिने सोंडेचे टोक जवळ नेले, श्वास आत ओढला, आणि काप न मोडता टोकाला चिकटला. कंदाच्या लहान लहान फोडी पुष्कळ असल्या की ती त्याही ओढून घेई. मोजक्याच असल्या तर बोटासारख्या टोकाने उचली. कोणत्या वस्तूला धरायचे आणि कोणत्या वस्तूला ओढायचे, हा विवेक तिच्यापाशी होता. आज फळे तोडणाऱ्या कित्येक यंत्रहातांत मऊ बोटांच्या मध्यभागी एक चूषक नळी असते. आधी नळी फळाला ओढून स्थिर करते, मग बोटे मिटतात.

मासा मात्र या सर्वांत स्वस्त शिक्षक ठरला. लाइफ क्नीझे नावाचा एक जर्मन संशोधक १९९७ साली मासेमारीला गेला होता. त्याने माशाच्या शेपटीच्या परावर बोट दाबले. आपली अपेक्षा अशी, की दाबलेली वस्तू दूर वाकेल. पर उलट बोटाच्याच दिशेने वळला, जणू बोटाला कवेत घेण्यासाठी. कारण परातील प्रत्येक काडी दुपदरी असते. दोन पदर टोकाला एकत्र येतात आणि एकमेकांवर सरकू शकतात. लवचिक प्लास्टिकच्या दोन पट्ट्या टोकाशी जोडून मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पट्ट्या घातल्या की तोच गुण येतो. अशा बोटात हवा लागत नाही, तार लागत नाही. फळाच्या स्पर्शानेच ते फळाभोवती वळते. ही पकड आज कारखान्यांत आणि फळे हाताळण्याच्या प्रयोगांत सर्रास दिसते. एखाद्या कोळणीने ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पाहिली असेल. तिला पेटंट कचेरीचा पत्ता ठाऊक नव्हता इतकेच.

घराच्या भिंतीवरची पालही या शाळेत आहे. तिच्या बोटांखाली लक्षावधी सूक्ष्म केस असतात. कोणताही चिकट पदार्थ नसताना केवळ अतिनिकट स्पर्शाच्या आकर्षणाने ती छताला धरून राहते आणि पाऊल विशिष्ट कोनात उचलताच सुटते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२१ साली या तत्त्वाची अस्तरे लावलेला एक हात प्रसिद्ध केला. त्याने कच्चे अंडे उचलले, द्राक्षांचा घडही उचलला, आणि दाब जवळजवळ दिलाच नाही. पाल चुकचुकली की पूर्वी आमच्या घरी शुभकार्य थांबत असे. आता तिचे ऐकून यंत्रे पुढे सरकत आहेत!

इथवर ऐकून आपणांस वाटेल की प्रश्न सुटला. तो सुटलेला नाही. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या यंत्राने २०२१ साली व्हिक्टोरिया प्रांतातील बागेत सफरचंदे तोडली. हवेवर चालणारी चार मऊ बोटे, मध्ये चूषक. हाताशी येण्याजोग्या फळांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक त्याने तोडली आणि देठाच्या बाबतीत बिघडलेली फळे ६ टक्क्यांहून कमी होती. हे निःसंशय कौतुकास्पद आहे. परंतु पूर्ण वेगातही त्याला एका फळास सुमारे ७ सेकंद लागत. कोटगढच्या माझ्या त्या मित्राच्या दोन हातांनी एवढ्या वेळात किती फळे किल्ट्यात ठेवली असती, ते मी आपल्या कल्पनेवर सोडतो. मऊपणाची स्वतःची दुखणीही आहेत. मऊ बोट डहाळ्यांना बाजूला सारू शकत नाही, स्वतःच बाजूला सरते. मनगटाची पीळ फळापर्यंत पोचण्याआधी रबरातच मुरते. काटा लागला की सिलिकोन फाटते. शिवाय पानाआडचे फळ दिसले पाहिजे, पिकलेले ओळखले पाहिजे. तो सारा भाग कॅमेऱ्याचा आणि संगणकाचा, आणि तो आजच्या विषयाबाहेरचा.

रासबेरीचे उदाहरण तर फारच बोधक आहे. हे फळ त्याच्या आतल्या दांड्यावर टोपीसारखे बसलेले असते. ते ओढून काढण्यास थोडा जोर लागतो. परंतु ज्या क्षणी ते सुटते त्या क्षणी ते पोकळ होते आणि तोच जोर त्याला चिरडतो. म्हणजे धरता धरताच सोडले पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथील तंत्रविद्यापीठाने २०२२ साली यावर नामी युक्ती काढली. त्यांनी सिलिकोनची एक खोटी रासबेरी केली आणि तिच्यात दाब मोजणारा संवेदक बसवला. यंत्रहात या खोट्या फळावर प्रयोगशाळेत सराव करतो, आणि किती दुखले हे फळच सांगते! हंगाम थोड्या आठवड्यांचा, पण सराव बारा महिने.

आता व्यवहाराची बाजू. हवेच्या ओढीने सफरचंदे नळीत शोषून घेणाऱ्या यंत्राने २०१९ साली न्यूझीलंडमधील बागेत व्यापारी तत्त्वावर तोडणी केली, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. ते बनवणारी ॲबंडंट रोबॉटिक्स ही कॅलिफोर्नियातील कंपनी २०२१ साली बंद पडली. फळ तोडता येणे आणि परवडेल अशा खर्चात तोडता येणे, या दोहोंमधल्या दरीत आणखीही कंपन्या पडल्या आहेत.

आणि एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण जाहिरातींत ती बारीक अक्षरांतही नसते. ही यंत्रे ज्या बागांत चालतात त्या बागा पाहा. झाडे झाडांसारखी नाहीत. तारांवर बांधून, छाटून, सपाट केलेल्या हिरव्या भिंती आहेत. फळ नेहमी समोर, पान नेहमी मागे. खाली जमीन सपाट, दोन रांगांतील अंतर ठरीव. या पद्धतीचे इतरही लाभ आहेत, हे मान्य. परंतु टोमॅटोच्या वेळी जाड साल मागणाऱ्या यंत्राने आता फळाला माफी दिली आहे आणि मागणे झाडाकडे, आणि झाडामार्फत जमिनीकडे वळवले आहे, हेही तितकेच खरे. सत्यानंद स्टोक्स या मूळच्या अमेरिकन गृहस्थाने १९१६ साली कोटगढजवळ गोड जातीची सफरचंदे लावली, आणि शंभर वर्षांत त्या डोंगराळ प्रदेशाचे अर्थकारण पालटले. परंतु ते पालटले लहान लहान बागांतून, उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांतून. तेथे दाट लागवडीच्या ठेंगण्या बागा आता होत आहेत. पण यंत्राची गाडी त्या पायऱ्या चढणार कशी? चढली तरी पाच-दहा बिघ्यांचा बागवान ती विकत घेणार कशी? कॅलिफोर्नियात ४,००० चे ६०० झाले ते यंत्र वाईट होते म्हणून नव्हे. ते एकेका मोठ्या शेताच्या मापाचे होते म्हणून. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे भाड्याने देणारी केंद्रे आहेत, फळबागाइतदारांच्या सहकारी संस्था आहेत. मऊ हात आपल्याकडे येणार असेल, तर तो अशा संस्थेच्या मालकीचा, दोन माणसांनी उचलून पायरीवर नेता येईल असा यावा, आणि त्याचे माप आत्ताच, संशोधनाच्या टेबलावर असतानाच ठरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्र तयार झाल्यावर धोरण करू म्हणणे म्हणजे फळ चेपल्यावर बोट सैल करणे होय.

तोडणाऱ्यांचे काय, हा प्रश्न श्रोत्यांतून येणार, म्हणून मीच घेतो. हिमाचलच्या बागांत हंगामाला नेपाळातून, बिहारातून माणसे येतात. दोन-तीन महिने राहतात आणि कमाई घेऊन परततात. पोटासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपण टेबलखुर्चीवर आलो, ते किल्टा घेऊन येतात, एवढाच फरक. ज्या देशांत ही यंत्रे जन्मली तेथे तोडायला माणूस मिळत नाही, ही खरी अडचण आहे. आपल्याकडे अडचण अजून त्या स्वरूपाची नाही. म्हणून मला वाटते, की आपल्याकडे या हाताला पहिले काम तोडणीचे न देता प्रतवारीच्या आणि पेट्या भरण्याच्या शेडमध्ये द्यावे, जेथे जमीन सपाट असते. किंवा उंच फांद्यांचे द्यावे, जेथून पडून माणसे जायबंदी होतात. शिडीवरून घसरलेला एक तरुण कमरेपासून अधू झालेला मी पाहिला आहे. त्याच्यासाठी हा हात पाच वर्षे आधी आला असता तर मी त्याचे स्वागतच केले असते.

एक शेवटची माहिती देतो. ब्लॅकबेरी हे असेच अतिशय नाजूक फळ. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठातील संशोधक त्यासाठी मऊ पकड तयार करीत होते, तेव्हा बोटांनी नेमका किती दाब द्यावा हे त्यांना कोणत्याही पुस्तकात मिळेना. ऑक्टोपस, हत्ती, मासा यांच्याकडूनही ते कळण्यासारखे नव्हते. तेव्हा त्यांनी हाताने फळे तोडणाऱ्या माणसांच्या बोटांवर दाब मोजणारे संवेदक बसवले, आणि ती माणसे नेहमीप्रमाणे फळे तोडीत असता त्यांच्या बोटांचा दाब नोंदवून घेतला. त्या आकड्यांवरून यंत्राची बोटे सिद्ध झाली. ज्या प्राण्याची अखेरीस नक्कल करावी लागली तो हा असा होता. बागाइतदाराला यंत्राची किंमत द्यावी लागते, संशोधकाला पेटंट मिळते. ज्याच्या बोटांनी तो आकडा पुरवला त्याच्या मजुरीत त्या दिवशी काही भर पडली की नाही, हे विचारण्याचा रकाना अजून कोणत्याही अर्जात नाही. सरकारी माणूस असल्याने मला तो रकाना सुचतो. नवी यंत्रे सरकारी अनुदानाने आपल्या बागांत येतील, तेव्हा त्या अर्जांचे मसुदे माझ्यासारखेच कोणी तरी करीत असतील.

अध्यक्षमहाशयांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे.  फुगे आणखी चार आहेत, चिकटपट्टीही आहे. मुलांनी व्यासपीठाच्या डाव्या बाजूस यावे.